चावी अडकली तर जोर नको

गाडी लागली, इंजिन बंद झाले आणि चावी मात्र निघत नाही, हा प्रसंग गाडी चालवणाऱ्या बहुतेकांवर कधी ना कधी येतो. रेल्वे स्थानकाबाहेर, दवाखान्याच्या दारात किंवा मंगल कार्यालयासमोरच्या अरुंद गल्लीत, मागच्या गाडीचा हॉर्न वाजत असताना तो आला की हात आपसूक जोर लावतो. चावी पिरगाळली जाते, हिसडली जाते, कुणीतरी डिकीतून पक्कड काढून देतो. पाच मिनिटांत सुटणारी अडचण मग मोडकी चावी, फुटलेले बॅरल, टोइंगची गाडी आणि दोन दिवसांचा खोळंबा इथवर जाते. चावी अडकण्याची बरीचशी कारणे गाडीत मुद्दाम ठेवलेल्या सुरक्षिततेच्या अटींशी निगडित असतात. ती अट पुरी केली की चावी सुटते. जोर लावून अट टळत नाही, कुलूप तेवढे मोडते. ही साधी गोष्ट प्रत्येक चालकाला ठाऊक असायला हवी आणि ती ठाऊक करून देणे ही मोटार कंपन्यांची, विक्रेत्यांची आणि ड्रायव्हिंग स्कूलांची जबाबदारी आहे, असे आमचे मत आहे.

आधी कुलपाच्या आत काय घडते ते पाहू. स्टेअरिंगच्या कडेला चावीचे जे भोक दिसते, त्यामागे अंगठ्याएवढ्या जाडीचा धातूचा दंडगोल असतो. गॅरेजमध्ये त्याला बॅरल म्हणतात. या बॅरलमध्ये ओळीने पातळ पितळी पट्ट्या बसवलेल्या असतात आणि प्रत्येक पट्टीला एक बारीक स्प्रिंग रेटत असते. पट्टीच्या मधोमध चौकोनी खिडकी असते. चावी या खिडक्यांमधून आत सरकते. चावी नसताना स्प्रिंगच्या रेट्याने पट्ट्यांची टोके बॅरलबाहेर येतात आणि भोवतालच्या कवचातल्या खाचेत बसतात, म्हणून बॅरल फिरत नाही. योग्य चावी आत गेली की तिचा प्रत्येक चढउतार आपापल्या पट्टीला हवी तेवढीच सरकवतो, सगळी टोके बॅरलच्या पृष्ठभागाशी समपातळीत येतात आणि बॅरल फिरू लागते.

बॅरल फिरले की पट्ट्यांच्या टोकांसमोर खाच राहत नाही, कवचाची गुळगुळीत भिंत येते. पट्ट्यांना हलायला आता जागाच उरत नाही. चावी बाहेर ओढायची तर तिचे उंच दाते प्रत्येक खिडकीतून पार व्हायला हवेत आणि त्यासाठी पट्ट्या सरकायला हव्यात. त्या सरकू शकत नाहीत, म्हणून चावी धरून ठेवली जाते. बॅरल मूळ जागी, म्हणजे ‘लॉक’च्या खुणेवर पूर्णपणे परतले की खाच पुन्हा समोर येते आणि चावी अलगद निघते. त्या जागेच्या थोडे अलीकडे जरी बॅरल थांबले तरी चावी निघणार नाही. तेव्हा चावी का निघत नाही, असे विचारण्यापेक्षा बॅरल लॉकपर्यंत का पोचत नाही, असे विचारावे. प्रश्न असा मांडला की उत्तरे मोजकीच उरतात.

चावीला ही शिस्त लावली गेली ती चोरी आणि अपघात यांच्या अनुभवातून. जुन्या गाड्यांत चावी बहुधा डॅशबोर्डवर असे आणि तिचे काम विजेचा प्रवाह चालू-बंद करण्यापुरते होते. डॅशबोर्डखालच्या दोन तारा जोडून गाडी पळवणे चोराला सहज जमत असे. पश्चिम जर्मनीने १९६० च्या दशकाच्या आरंभीच स्टेअरिंग लॉक सक्तीचे केले. अमेरिकेत १ जानेवारी १९७० पासून सुरक्षा मानक क्रमांक ११४ लागू झाले. चावी काढल्यावर इंजिन नेहमीच्या रीतीने सुरू होता कामा नये, शिवाय स्टेअरिंग फिरणे किंवा गाडीचे स्वतःच्या बळावर पुढे जाणे यांपैकी एक तरी रोखले गेले पाहिजे, असा त्याचा आशय होता. त्यामुळे चावी डॅशबोर्डवरून स्टेअरिंगच्या दांड्यावर आली. स्वीडनच्या साब कंपनीने वेगळी वाट धरली. तिच्या ‘९९’ आणि ‘९००’ या मॉडेलांत चावीची जागा पुढच्या दोन आसनांच्या मध्ये होती आणि कुलूप गिअरला लागत असे. रिव्हर्स गिअर टाकल्याशिवाय या गाड्यांची चावी निघतच नसे. साबची गाडी प्रथमच हाती घेणाऱ्याला चावी अडकली असे वाटे. गाडी मात्र उभी करण्याची आपली अट पाळून घेत असे.

ऑटोमॅटिक गाड्यांत आणखी एक अट आली. १९८६ मध्ये अमेरिकेत ऑडी ५००० या गाड्या आपोआप वेग घेतात, अशा तक्रारी गाजल्या. तिथल्या महामार्ग सुरक्षा संस्थेने १९८९ मध्ये दिलेल्या निष्कर्षानुसार ब्रेकऐवजी चुकून ॲक्सिलरेटरवर पाय पडणे हे यामागचे मुख्य कारण होते. ब्रेक दाबल्याशिवाय गिअरची दांडी ‘पी’मधून, म्हणजे ‘पार्क’च्या जागेवरून, हलू नये, अशी सोय ऑडीने केली आणि पुढे ती सर्वदूर पसरली. तिच्या जोडीला उलट बाजूची अटही रुळली: दांडी ‘पी’मध्ये आल्याशिवाय चावी निघू नये. उतारावर उभी केलेली गाडी चालक उतरल्यावर घरंगळू नये, हा त्यामागचा हेतू.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली की चावी अडकल्यावर काय करायचे, याचा क्रम आपोआप ठरतो. गाडी रहदारीतून बाजूला घ्यावी, पाय ब्रेकवर ठेवावा, हँडब्रेक पूर्ण ओढावा. उतार असेल तर चाकाखाली दगड लावायला कुणाला तरी सांगावे. चावीशी खटपट करताना गाडी जागची हलणार नाही, याची खात्री सगळ्यात आधी.

मग गिअरकडे पाहावे. गाडी ऑटोमॅटिक असेल तर दांडी ‘पी’वर दिसते एवढ्यावर समाधान मानू नये. ती केसभर मागे राहिली तरी आतला छोटा स्विच दाबला जात नाही आणि चावी सुटत नाही. ब्रेक दाबून दांडी न्यूट्रलपर्यंत न्यावी, पुन्हा ठामपणे ‘पी’त आणावी आणि मीटरवर ‘पी’ उमटले का ते पाहावे. मग चावी फिरवून बघावी. गिअरच्या दांडीपाशीच चहाचा कप ठेवायची जागा असते. सांडलेला गोड चहा किंवा सरबत फटीतून आत जाऊन वाळले की तोच स्विच चिकट होतो आणि दांडी ‘पी’त असूनही गाडीला ते कळत नाही. अशा वेळी दांडी दोन-तीनदा पुढे-मागे केल्यावर चावी सुटते, पण पुढच्या सर्व्हिसिंगला कन्सोल उघडून सफाई करून घेणे अगत्याचे असते.

आपल्याकडे याबाबतीत एक खास घोटाळा होतो. २०१४ मध्ये मारुती सेलेरिओबरोबर एएमटी गाड्या आल्या आणि झपाट्याने पसरल्या. क्लच दाबावा लागत नाही, म्हणून लोक त्यांनाही ऑटोमॅटिकच म्हणतात. पण यांपैकी बहुतेक गाड्यांत ‘पी’ ही जागाच नसते. रिव्हर्स, न्यूट्रल आणि ड्राइव्ह एवढेच असते. अशा गाडीवर हात बसलेला माणूस नातेवाइकाची ‘पी’वाली गाडी चालवायला घेतो, सवयीने न्यूट्रलवर सोडून हँडब्रेक ओढतो आणि चावी निघेना म्हणून कुलपाला दोष देतो. कुलूप तिथे आपले काम चोख बजावत असते. गाडी बदलली की ती उभी करण्याची रीतही बदलते, हे लक्षात ठेवलेले बरे.

त्यानंतर चावी कुठे थांबली आहे ते पाहावे. अनेक गाड्यांत, विशेषतः हाताने गिअर टाकायच्या गाड्यांत, चावी ‘एसीसी’च्या (ॲक्सेसरी) खुणेवरून ‘लॉक’वर नेताना ती किंचित आत दाबावी लागते. काही गाड्यांत दाबण्यासाठी बॅरलशेजारी वेगळे बटण असते. चालत्या गाडीत चुकून चावी लॉकवर जाऊन स्टेअरिंग अडकू नये, म्हणून ही सोय केलेली आहे. रोज गाडी चालवणाऱ्याच्या हाताला ती इतकी अंगवळणी पडलेली असते की दुसऱ्याला गाडी देताना तो सांगायला विसरतो. चावी ‘एसीसी’वर अडून राहिली असेल तर मागे ओढण्याऐवजी आत दाबून फिरवावी. पुष्कळदा प्रकरण इथेच मिटते.

तरीही चावी फिरत नसेल तर स्टेअरिंग तपासावे. स्टेअरिंग लॉक म्हणजे एक पोलादी खिट्टी. ती दांड्यावरच्या खाचेत शिरली की चाक फिरत नाही. गाडी उभी करताना पुढची चाके फुटपाथच्या कडेला टेकलेली असली किंवा वळवलेलीच राहिली, की टायरचा ताण दांड्यावर येतो आणि खिट्टी खाचेच्या भिंतीशी दाबली जाते. दाराला पलीकडून कुणी रेटून धरले असताना कडी सरकत नाही, तसाच हा प्रकार. एका हाताने स्टेअरिंग डावीकडे आणि उजवीकडे हलवून पाहावे. ते एका बाजूला अजिबात हलत नाही, दुसऱ्या बाजूला थोडे हलते. ज्या बाजूला हलते तिकडे हलकाच दाब देत दुसऱ्या हाताने चावी फिरवावी. ताण सुटला की चावी बोटांच्या जोराने फिरते. दोन्ही हातांनी झटापट करण्याची गरज पडत नाही. हा उपाय गाडी पूर्ण थांबलेली असतानाच करायचा. चालत्या गाडीत चावी लॉककडे नेणे म्हणजे वळणावर स्टेअरिंग गमावण्याचा धोका ओढवून घेणे आहे.

बॅटरीचाही संबंध असू शकतो. काही ऑटोमॅटिक गाड्यांत चावीची अटक विजेवर चालणाऱ्या खिट्टीने होते. बॅटरी पार उतरली असेल तर गाडी ‘पी’त असूनही ही खिट्टी मागे येत नाही. दिवे मंद, हॉर्न बसलेला आणि चावी अडकलेली, अशी तिन्ही लक्षणे एकत्र दिसली तर आधी दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जंप स्टार्ट करून पाहावे. काही कंपन्यांनी अशा प्रसंगासाठी स्टेअरिंगच्या आवरणाखाली हाताने सोडवण्याचे बारीक छिद्र ठेवलेले असते; त्याची जागा गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेली असते.

या सगळ्या अटी पुऱ्या होऊनही चावी निघाली नाही, तर मात्र झीज किंवा घाण हे कारण असते. दहा-बारा वर्षे वापरलेली चावी नव्या चावीशेजारी धरून पाहावी. नव्या चावीचे कोपरे धारदार दिसतात. जुनीचे उंचवटे गोल झालेले असतात, खाचांच्या कडा बसलेल्या असतात. ही झीज नजरेत भरत नाही, पण तिच्यामुळे एखादी पट्टी समपातळीत न येता किंचित बाहेर राहते आणि बॅरल फिरताना कवचाच्या कडेला घासते. शेवटचा थोडासा फेरा अडतो तो इथे. विदर्भ-मराठवाड्याच्या धुळीत पट्ट्यांभोवती बारीक कचरा बसतो, कोकणच्या आणि गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत स्प्रिंगांना गंज धरतो. अशा वेळी चावी ओढता ओढता पिरगाळू नये. ती आधी पूर्ण आत दाबावी, लॉकच्या दिशेने हलकेच नेऊन ठेवावी आणि अगदी थोडी वर-खाली हलवत सरळ रेषेत बाहेर घ्यावी.

कुलपात तेल घालावे का, यावर घराघरांत दोन पक्ष असतात. स्वयंपाकाचे, शिलाई मशीनचे किंवा इंजिनचे तेल घालू नये. त्या वेळेपुरते कुलूप हलके होते, पण तेल धूळ धरून ठेवते आणि काही महिन्यांत पट्ट्यांभोवती चिकट गाळ साचतो. गंज सोडवणारा स्प्रे अडचणीच्या वेळी एकदा वापरायला हरकत नाही. नेहमीच्या निगेसाठी मात्र कोरडे वंगण हवे: ग्राफाइटची पूड किंवा टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे. तेही चिमूटभर. चावीला लावून ती चार-पाच वेळा आत-बाहेर करावी आणि निघालेला काळा मळ दर वेळी फडक्याने पुसावा.

काय करू नये, हेही तितकेच स्पष्टपणे सांगायला हवे. पक्कड लावू नये. बोटांच्या ताकदीपेक्षा जास्त जोर पडला की चावी सहसा खाचेच्या सर्वांत अरुंद जागी तुटते आणि अर्धा तुकडा आत राहतो. तुटलेला तुकडा काढायला काडीला चटकन चिकटणारा डिंक लावून आत घालू नये. डिंक पट्ट्यांना लागला की सगळे बॅरल बदलावे लागते. हातोडीने ठोकू नये. गेल्या अनेक वर्षांतल्या बहुतेक गाड्यांच्या चावीच्या डोक्यात एक इवलीशी चिप असते आणि बॅरलच्या तोंडाभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. चिपला स्वतःची बॅटरी नसते. वेटोळ्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर ती आपला सांकेतिक क्रमांक कळवते आणि क्रमांक जुळला तरच इंजिन सुरू होते. ठोकाठोकीत वेटोळे तुटले तर चावी निघेलही, पण गाडी सुरू होणार नाही. दोनशे रुपयांच्या जागी काही हजारांचे काम निघते ते असे.

घरगुती उपाय संपले की जाणकाराला बोलवावे. चावी तुटली असेल तर चावीवाला बारीक आकडे असलेल्या सळीने तुकडा बाहेर काढतो आणि मोडक्या चावीवरून नवी पाडूनही देतो. तोवर गाडी सोडून जायची वेळ आली तर दोन गोष्टी पाहाव्यात. चावी ‘ऑन’वर किंवा ‘एसीसी’वर अडकली असेल तर बॅटरी उतरत राहते, म्हणून १० नंबरच्या पान्याने बॅटरीची ऋण बाजूची तार सोडून ठेवावी. आणि चावी आत असलेली गाडी बेवारस ठेवू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२६ नुसार चालकाच्या आसनावर परवानाधारक नसताना गाडी सार्वजनिक जागी उभी ठेवायची असेल तर इंजिन बंद करून ब्रेक लावणे, किंवा ती आपोआप चालू लागणार नाही अशी व्यवस्था करणे बंधनकारक आहे. विम्याचाही प्रश्न येतो. चालक चावी ट्रकमध्येच ठेवून उतरला आणि ट्रक चोरीला गेला, अशा एका प्रकरणात विमा कंपनीने दावा नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये विमाधारकाला ७५ टक्के रक्कम देण्याचा आदेश दिला. दिलासा मिळाला, पण पूर्ण नाही आणि तोही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर. अडकलेल्या चावीची गाडी सोडून जाण्यापेक्षा कंपनीच्या किंवा विम्याच्या रस्त्यावरील मदत सेवेला फोन करून गाडीपाशी थांबणे शहाणपणाचे. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा क्रमांक आहे.

इतक्या किरकोळ अडचणीवर एवढे लिहिण्याचे कारण आहे. इग्निशनचे कुलूप ही गाडीतली क्षुल्लक वस्तू नाही आणि त्याच्या तक्रारीकडे दुर्लक्ष करण्याची किंमत जगाने मोजली आहे. जनरल मोटर्सच्या शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन आणि इतर काही मॉडेलांच्या इग्निशन स्विचमधली एक स्प्रिंग कमकुवत होती. चावीला अडकवलेल्या जुडग्याचे वजन, रस्त्यातला धक्का किंवा गुडघ्याचा स्पर्श एवढ्यानेही चावी चालत्या गाडीत ‘रन’वरून ‘एसीसी’वर सरके. इंजिन बंद पडे, पॉवर स्टेअरिंगचा आधार जाई आणि अपघात झाला तर एअरबॅगही उघडत नसत. कंपनीने २००५ मध्ये विक्रेत्यांना सूचना धाडली ती ग्राहकांना चावीच्या कडीतले जास्तीचे ओझे काढायला सांगण्याची. २००६ मध्ये सुटा भाग बदलला, पण त्याचा क्रमांक बदलला नाही, त्यामुळे दोष कुठल्या गाड्यांत आहे हे शोधणेच अवघड झाले. गाड्या परत बोलावण्याचा निर्णय व्हायला फेब्रुवारी २०१४ उजाडला. सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. भरपाईसाठी नेमलेल्या निधीने या दोषाशी संबंधित १२४ मृत्यू मान्य केले आणि सप्टेंबर २०१५ मध्ये कंपनीने फौजदारी खटला मिटवण्यासाठी ९० कोटी डॉलर भरण्याचे कबूल केले.

दोन बोटांनी फिरवायच्या वस्तूत घडलेला हा दोष होता. चावी वेड्यावाकड्या रीतीने वागते अशी तक्रार ग्राहक करत असताना कंपनी ती त्याच्या कडीच्या ओझ्यावर ढकलून मोकळी झाली. आपल्याकडेही घर, दुकान, तिजोरी आणि गोदरेजचे कपाट या सगळ्यांच्या चाव्या, शिवाय देवाचे पदक गाडीच्या चावीला लटकवण्याची पद्धत आहे. ते ओझे दर खड्ड्यात बॅरलला हिसके देते आणि झीज वाढवते; ते काढून ठेवावे हे खरेच. पण त्याहून महत्त्वाचे हे, की चावी चालत्या गाडीत सैल होऊन सरकत असेल किंवा इंजिन चालू असताना हातात येत असेल, तर तो अडकलेल्या चावीपेक्षा मोठा धोका आहे. अशी गाडी दुरुस्तीशिवाय चालवू नये आणि तक्रार लेखी द्यावी.

यावर कुणी म्हणेल, आता बटणाच्या गाड्या आल्या, चावीचा प्रश्नच संपत आला. तो संपलेला नाही. चावी अडकणे हा खटाटोप वाटतो, पण त्यातून चालकाला एक गोष्ट हाताला कळत असे: गाडी अजून बंद झालेली नाही, किंवा ‘पी’त नाही. बटणाच्या गाडीत चावी खिशात राहते, त्यामुळे ही आठवण करून देणारे काही उरत नाही. अमेरिकेत घरातल्या बंदिस्त गॅरेजमध्ये इंजिन चालूच राहिल्याने विषारी वायूने लोक दगावले. अखेर तिथल्या संसदेने २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात अशा गाड्यांचे इंजिन ठरावीक वेळाने आपोआप बंद होण्याचे नियम करण्याची तरतूद केली. गिअर ‘पी’त नसताना उतरल्यामुळे गाडी घरंगळण्याच्या घटनांवरून २०१६ मध्ये जीपच्या ग्रँड चेरोकी आणि तशाच इतर गाड्या लाखोंच्या संख्येने परत बोलावल्या गेल्या. जुन्या चावीत धातूच्या खिट्टीने पाळलेली अट नव्या गाडीत सॉफ्टवेअरला पाळावी लागते आणि तिथेही ती चालकाला समजली पाहिजे.

म्हणूनच हा प्रश्न केवळ गाडीमालकाच्या हुशारीवर सोडून चालणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये ड्रायव्हिंग स्कूलांसाठी अभ्यासक्रम दिलेला आहे. हाताने चालवायच्या नियंत्रणांत त्यात इग्निशन स्विचचा उल्लेख आहे. शिकवताना मात्र तो ‘चावी फिरवा, स्टार्ट करा’ या चार शब्दांत उरकला जातो. स्टेअरिंग लॉक लागू देऊन ते सोडवून दाखवायला दोन मिनिटे पुरतात. ‘पी’ असलेली आणि नसलेली गाडी कशी उभी करायची, हे सांगायला आणखी पाच. परवान्याच्या परीक्षेत आठ आकडा काढता येणाऱ्या उमेदवाराला गाडी सुरक्षितपणे उभी करून चावी काढण्यामागचे कारणही सांगता आले पाहिजे.

कंपन्यांनी आणि विक्रेत्यांनी आपला वाटा उचलावा. नव्या गाडीच्या चाव्या हार, पेढे आणि छायाचित्रासह हाती दिल्या जातात. त्याच वेळी चावी अडकली तर काय करायचे, हे एका पानावर, मराठीत, चित्रांसह द्यायला खर्च कितीसा येतो? जाडजूड पुस्तिकेत ही माहिती असते, पण ती सापडायला निवांत वेळ आणि इंग्रजीची सवय लागते. अडचणीच्या क्षणी यांपैकी एकही गोष्ट हाताशी नसते. अनेक कंपन्या गाडीबरोबर चावीचा क्रमांक कोरलेली छोटी पट्टी देतात. ती गाडीत न ठेवता घरी कागदपत्रांसोबत जपावी, झिजलेल्या चावीची नक्कल पुढे तशीच झिजलेली निघते म्हणून नवी चावी त्या क्रमांकावरून किंवा कमी वापरलेल्या दुसऱ्या चावीवरून पाडावी, हे ग्राहकाला सांगणे विक्रेत्याचे काम आहे.

दुरुस्तीचा हक्कही इथे येतो. चिपच्या चाव्या आल्यापासून कोपऱ्यावरच्या चावीवाल्याच्या हातातले बरेचसे काम कंपनीच्या वर्कशॉपकडे गेले. सुरक्षिततेसाठी काही बंधने लागणारच; चावीची नक्कल कुणालाही सहज मिळू नये, हे मान्य. पण झिजलेल्या दोन पट्ट्यांसाठी सगळा लॉक सेट आणि चाव्यांची जोडी नव्याने घ्यायला लावणे हे सुरक्षिततेच्या नावाखाली ग्राहकावर टाकलेले ओझे आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी सुरू केलेल्या ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलमध्ये मोटारींचाही समावेश आहे. इग्निशनच्या सुट्या भागांच्या किमती, त्यांची उपलब्धता आणि बाहेरच्या कारागिराकडून करता येणारी कामे त्यावर स्पष्टपणे मांडली गेली, तर त्या पोर्टलला अर्थ येईल. अवाजवी बिल आले तर ग्राहकाने १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला कचरू नये.

गाडीचे यंत्र दिवसेंदिवस गुंतागुंतीचे होत चालले आहे. त्याच्या प्रत्येक भागाचे ज्ञान सामान्य माणसाकडे असावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. पण ज्या भागाला त्याचा हात रोज लागतो, त्याच्या अटी त्याला कळल्या पाहिजेत. ब्रेक, गिअर, चावीची जागा, स्टेअरिंग आणि बॅटरी या पाच गोष्टी या क्रमाने तपासता येणे, एवढेच ते ज्ञान आहे. ते ज्याच्यापाशी आहे तो घाईच्या वेळीही गाडीशी झुंजत बसणार नाही, उतारावर गाडी निर्धास्त सोडून जाणार नाही आणि खरा बिघाड झाला तर तो वेळेवर ओळखेल. हे शिकवण्याचे काम परवाना देणाऱ्या व्यवस्थेने आणि गाडी विकणाऱ्यांनी आपले मानावे. तोवर प्रत्येक चालकाने गाडीच्या पुस्तिकेतले इग्निशनचे पान शोधून एकदा वाचावे आणि आपली गाडी ज्याच्या हाती देतो, त्याला चावी काढण्याची रीत आठवणीने सांगावी.